कोंबड्यांची एनओसी

सिॲटल,
८ फेब्रुवारी

प्रिय दादा,


तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, ठरावाचा मसुदाही वाचला. ‘सोसायटीच्या आवारात कोणत्याही स्वरूपाचे कुक्कुटपालन करण्यास सक्त मनाई राहील.’ ही ‘राहील’वाली भाषा तुला कधीपासून यायला लागली? चेअरमनच्या खुर्चीतच मुरलेली असावी. वहिनीला फोन केला तेव्हा कळलं की कुक्कुटपालन म्हणजे सात नंबरच्या रो-हाउसमागे असलेल्या पाच गावठी कोंबड्या आणि एक तुरेवाला कोंबडा. तिथल्या आजींच्या मुलाने भोरकडचं घर बंद करून त्यांना पुण्याला आणलं, आणि आजी डालग्यात घालून हे बिऱ्हाड घेऊन आल्या. तक्रारी चार. दोन पहाटेच्या आरवण्याच्या, एक वासाची, आणि चौथी ‘आपल्या सोसायटीला हे शोभत नाही’ अशी.

तू म्हणालास, तुमच्याकडे अमेरिकेत काय नियम आहेत ते लिहून पाठव, सभेत वाचून दाखवतो. हेतू ओळखला मी. अमेरिकेतसुद्धा बंदी आहे असं एकदा वाचून दाखवलं की विषय संपला. पण तसं नाहीये, आणि जे आहे ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहिते.

आधी एक सांगून टाकते. मी कोंबड्या पाळत नाही. पाळतो तो आमचा शेजारी. मी कुंपणाच्या अलीकडची, म्हणजे ज्यांच्या झोपेसाठी आणि नाकासाठी हे नियम केले त्या पक्षातली. तुझ्या तक्रारदारांना माझं बोलणं त्यामुळे पटलं नाही तरी ऐकायला हरकत नसावी.

सिॲटल शहराचा नियम पोस्टकार्डावर मावेल एवढा आहे. एका प्लॉटवर आठ कोंबड्या. कोंबडा नाही. खुराडं शेजारच्या राहत्या घरापासून किमान १० फूट लांब. प्लॉट १०,००० चौरस फुटांहून मोठा असेल आणि त्यावर सामुदायिक बाग किंवा शहरी शेती असेल, तर वरच्या दर हजार फुटांमागे आणखी एक कोंबडी. परवाना नाही, वार्षिक फी नाही. हे सगळं जमीनवापराच्या नियमावलीत बसवलेलं आहे, त्यामुळे तक्रार झालीच तर ती बांधकाम आणि तपासणी खात्याकडे जाते. त्यांच्या लेखी प्रश्न पक्ष्याचा नसतो, जागेचा असतो.

त्यातले दहा फूट नीट वाच. ते कुंपणापासून मोजायचे नाहीत, शेजाऱ्याच्या घरापासून मोजायचे. कुंपणापासून मोजले असते तर अरुंद प्लॉटवाल्याला खुराडं अंगणाच्या मधोमध मांडावं लागलं असतं आणि त्यात शेजाऱ्याचा फायदा काहीच नसता. घरापासून मोजल्यावर वाचते ती माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी. ज्याने हे कलम लिहिलं त्याला नेमकं काय जपायचंय ते ठाऊक होतं. तुझ्या मसुद्यात मला तेच दिसलं नाही.

हा नियम पहिल्यापासून असा नव्हता. २०१० पर्यंत इथे तीनच कोंबड्या चालत. त्या वर्षी शहराने ‘नागरी शेतीचं वर्ष’ जाहीर केलं, नगर परिषदेने आकडा तीनावरून आठावर नेला आणि त्याच ठरावात कोंबडा हद्दपार केला. हा सरळ सौदा होता. पाळणाऱ्यांना पाच कोंबड्या जास्त मिळाल्या आणि शेजाऱ्यांना पहाट मिळाली. त्याआधी, २००७ मध्ये, याच शहराने बुटक्या जातीच्या बकऱ्याही पाळायला मोकळीक दिली होती. त्यांना मात्र परवाना लागतो, शिंगं काढलेली असावी लागतात आणि बोकड खच्ची केलेला असावा लागतो. बकऱ्यांचं हे आजींना सांगू नकोस. एवढ्यात तरी नको.

आता कोंबड्याबद्दल. तुझ्या चार तक्रारींतल्या दोन या एकट्याच्या नावावर आहेत. न्यूयॉर्कमध्ये कोंबड्या पाळायला शहराच्या आरोग्य नियमांची हरकत नाही, पण कोंबडा, बदक, हंस आणि टर्की चालत नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी इथेच रेघ ओढली आहे, आणि मला ती बरोबर वाटते. कोंबडी ओरडते ती अंडं घातल्यावर, दिवसाउजेडी, आणि घटकाभरात गप्प होते. कोंबड्याला वेळ नसते. जवळून मोजलं तर त्याची बांग नव्वद डेसिबलच्या वर जाते, आणि आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. कोंबड्याची पहाट सहाच्या बरीच आधी होते.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. नागोया विद्यापीठातल्या दोघा जपानी संशोधकांनी २०१३ साली त्याच्या पुढचं दाखवून दिलं. पहाट झाल्याचं कळायला काही मार्गच नाही अशा, सतत मंद उजेडाच्या खोलीत त्यांनी कोंबडे ठेवले. तरी ते जवळजवळ चोवीस तासांच्या चक्राने आरवत राहिले. म्हणजे कोंबडं झाकलं तर कोंबडंही थांबत नाही. ‘रात्री पोतं टाकतो त्याच्यावर’ असं कुणी सभेत म्हणालं तर हे सांग. इथे बांग दाबायला गळ्यात बांधायचे पट्टे विकत मिळतात. मला तो प्रकार दुष्टपणाचा वाटतो. कोंबडा ठेवायचाच नसेल तर ठेवू नये, त्याचा गळा आवळून शेजारधर्म पाळू नये.

अंडी हवीत तर कोंबडा लागतो, असं तुमच्या सभेतला कुणीतरी शहाणा म्हणेल. लागत नाही. अंडी कोंबडी एकटीच घालते. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी. आजींचा खरा आक्षेप इथे येईल, कारण गावठी कोंबडी खुडूक होणार, आणि खुडूक झालेल्या कोंबडीखाली अंडी न ठेवणं म्हणजे त्यांच्या हिशेबी नुकसान. त्याला उपाय आहे. कोंबडा भोरकडे कुणा नात्यातल्याकडे राहू दे, आणि रवणीला बसवायची अंडी तिकडून आणू देत. मात्र त्या पिल्लांतून नवे कोंबडे निघणार, तेव्हा त्यांची मुदतही ठरवून ठेव: आरवायला लागला की महिन्याच्या आत बाहेर. इथल्या शहरांत या गोष्टीने फार गोंधळ होतो. एक दिवसाची पिल्लं खोक्यातून पोस्टाने येतात (खरंच, १९१८ पासून अमेरिकेचं पोस्ट खातं ती पोचवतं), विकणारे नर-मादी ओळखून देतात, तरी एखादं चुकतंच. मग चार-पाच महिन्यांनी तलंग म्हणून वाढवलेलं पाखरू एका सकाळी मान उंचावून बांग देतं, आणि ‘कोंबडा फुकट देणे आहे’ अशा जाहिराती सुरू होतात. तुझ्याकडे हा प्रश्न लवकर सुटेल. आजींना त्या कोंबड्याचं काय करायचं ते शिकवावं लागणार नाही.

आता त्या चौथ्या तक्रारीकडे येते, ‘शोभत नाही’वाली. मला त्या एकाच तक्रारीचा राग आला, आणि हे पत्र लांबलं ते तिच्यामुळे.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१८ मध्ये, अमेरिकी सरकारच्या कृषी खात्याने एक पोस्टर काढलं होतं. घरातल्या प्रत्येक माणसामागे परसात दोन कोंबड्या ठेवा, म्हणजे कुटुंबाला ताज्या अंड्यांची ददात पडणार नाही, असा त्याचा आशय. चार माणसांच्या घराला आठ, म्हणजे सिॲटलचा आजचाच आकडा, योगायोग असेल. सांगायचं हे की तेव्हा शहरात कोंबडी पाळणं गावंढळपणा नव्हता, देशसेवा होती. दुसऱ्या महायुद्धातही तसंच चाललं. मग युद्ध संपलं, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचे मोठे कारखाने निघाले, घरोघर फ्रिज आला, अंडी दुकानात स्वस्त मिळू लागली. शहराबाहेर नवनव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि तिथे हिरवळ कापलेली असणं ही सभ्यतेची खूण झाली. परसातली कोंबडी म्हणजे एकतर गरिबी किंवा नुकतंच खेड्यातून, परदेशातून आल्याचा पुरावा. शहराशहरांतून बंदीची कलमं आली. त्यामागे रोगराईची भीती थोडी असेल; पण आपण आता त्यातले राहिलो नाही हे शेजाऱ्याला दाखवण्याची घाई जास्त होती असं मला वाटतं.

त्या काळच्या वसाहतींची जुनी करारपत्रं इथे सिॲटलमध्ये अभ्यासकांनी खणून काढली आहेत. घर कुणाला विकायचं नाही याची यादी त्यांत असे: काळे, ज्यू, आशियाई. त्याच धर्तीच्या कागदांत डुकरं, बकऱ्या, कोंबड्या पाळायच्या नाहीत अशीही कलमं असत. वंशावरून मनाई करणारी कलमं बजावून घ्यायला कोर्टांनी मदत करू नये, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. १९६८ च्या कायद्याने तो भेदभाव बेकायदा झाला. आशियाई म्हणजे त्यात मीही आले, दादा. आज ज्या गल्लीत मी राहते तिथे त्या काळी मला घर मिळालं असतं का, ते सांगवत नाही. ‘आपल्या वस्तीला शोभत नाही’ हे शब्द मला म्हणून नुसते कोंबड्यांबद्दलचे वाटत नाहीत. त्या यादीत कुणाचं नाव कधी घालायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

आणि गंमत बघ, तीच कोंबडी पुढे प्रतिष्ठेची झाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात बंदी असताना लोक चोरून कोंबड्या पाळत, त्यांनी स्वतःला ‘चिकन अंडरग्राउंड’ असं भूमिगत क्रांतिकारकांना शोभेल असं नाव घेतलं होतं. शेवटी २००४ मध्ये शहराने चार कोंबड्यांची मुभा दिली. त्यावर पुढे माहितीपटही निघाला. आता इथे खुराडी बघायच्या सहली निघतात. काही खुराड्यांची कौलं आपल्या गावच्या घराहून बरी असतात. पाळणारे कोण, तर बहुतेक सुशिक्षित, हिरवळ उपटून भाजी लावणारे. त्यांचा हिशेब कुणी विचारू नये. खाद्य, जाळी, लाकूड धरलं तर घरचं अंडं महागच पडतं. २०२५ च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूने दुकानातली अंडी सरासरी ६.२३ डॉलर डझनावर गेली होती, तेव्हा कुठे माझ्या शेजाऱ्याचा चेहरा जरा उजळला.

यात आजी कुठे बसतात? त्यांच्या कोंबड्या ना चळवळीच्या, ना छंदाच्या. म्हणून त्यांच्याविरुद्ध ठराव होतो. उद्या तुमच्या क्लबहाउसशेजारच्या बंगल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याने कडकनाथ आणून काचेचं खुराडं बांधलं, तर ‘ऑरगॅनिक’ म्हणून त्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतील. फिरणार नाहीत असं छातीवर हात ठेवून सांग.

आता तुझ्या मसुद्याच्या दुसऱ्या परिच्छेदाकडे येते. तो तू बहुधा उदारपणे घातलास: ‘तथापि लगतच्या सर्व सभासदांची लेखी ना-हरकत सादर केल्यास समिती विचार करील.’ माझ्या मते बंदीपेक्षा हे वाईट आहे.

मिनीॲपोलिस शहरात बरीच वर्षं असाच नियम होता. शंभर फुटांच्या आतल्या शेजाऱ्यांपैकी ८० टक्क्यांची लेखी संमती आणायची, मग परवाना. ऐकायला लोकशाही वाटते. पण विचार कर, सह्या कोणाला मिळतात? जो बोलघेवडा आहे, ज्याच्याकडे दिवाळीचा फराळ जातो, ज्याच्या मुलाला अमुक कंपनीत चिकटवता येतं, त्याला. सात नंबरच्या आजी कुणाच्या दारात सही मागायला जातील? त्यांच्या सुनेला तुमच्या भाजीवाल्याखेरीज कुणी ओळखत नाही, असं वहिनीच म्हणाली. आणि सही देणारा ती परतही घेऊ शकतो. पार्किंगवरून भांडण झालं की कोंबडी बेकायदा. घर विकलं गेलं, नवा मालक आला, पुन्हा कागद घेऊन फिरा. मिनीॲपोलिसनेही पुढे तो नियम सैल केला. दहा फूट हे दहा फूट असतात. ते आजींनाही तेवढेच आणि सॉफ्टवेअरवाल्यालाही तेवढेच. टेप कुणाची ओळख विचारत नाही. तुझ्या सोसायटीत एनओसीवरून आजवर किती वैरं झाली ते मला सांगायला लावू नकोस; गच्चीवरच्या सोलर पॅनेलचं प्रकरण मला अजून आठवतं.

आमच्याकडेही सगळं गोड नाही. सिॲटलच्या हद्दीबाहेर, आपली मराठी मंडळी जिथे दाटीने राहतात त्या उपनगरांत, घरमालकांच्या संघटना असतात. त्यांचा करार सहीनिशी स्वीकारल्याशिवाय घर मिळत नाही, आणि शहराचा नियम मोकळा असला तरी करारात मनाई असेल तर मनाई. दाराचा रंगसुद्धा विचारून लावायचा. इंग्लंडने या बाबतीत उलटं केलं आहे. युद्धकाळात तिथे आठवड्याला माणशी एक अंडं मिळे. घरी कोंबड्या ठेवणाऱ्याने ते रेशनचं अंडं सोडलं तर त्याला बदल्यात कोंबड्यांचं खाद्य मिळायचं. युद्ध संपल्यावर, १९५० मध्ये, त्यांनी अलॉटमेंट्स ॲक्टच्या बाराव्या कलमात लिहून टाकलं की घराच्या किंवा जमिनीच्या करारात काहीही लिहिलेलं असो, राहणाऱ्याला धंद्यासाठी नव्हे अशा कोंबड्या आणि ससे पाळता येतील. कोंबडा सोडून, आणि आरोग्याला धोका किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही एवढ्या अटीवर. ते कलम आजही आहे. कोंबडीसाठी पार्लमेंटने घरमालकाच्या कराराला बाजूला सारावं, हे मला फार आवडलं.

त्याच देशात १ ऑक्टोबर २०२४ पासून एक जरी कोंबडी असली तरी तिची सरकारकडे नोंद करावी लागते. आधी पन्नासच्या खाली नोंद ऐच्छिक होती. हे तुझ्या उपयोगाचं आहे. नोंद म्हणजे परवानगी नव्हे. कोणाच्या मागे किती पक्षी आहेत एवढंच सरकारला माहीत हवं, कारण रोग आला की शोधत फिरायला वेळ नसतो.

रोगाचं मी हलक्यात घेत नाहीये. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या लाखो कोंबड्या तर मारल्याच, पण त्या टापूतल्या घरामागच्या कोंबड्याही मारल्या. पथकं दारोदार फिरली. २०२५ च्या जानेवारीत उरणजवळच्या चिरनेरला रोग निघाला, तोही घरामागच्या पाखरांत. अमेरिकेत २०२२ पासून पंधरा कोटींहून जास्त पक्षी या रोगापायी गेले. लुइझियानात एक वयस्क माणूस २०२५ च्या सुरुवातीला दगावला, त्याचा घरच्या आणि रानटी पक्ष्यांशी संबंध आला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्याच वॉशिंग्टन राज्यात, ग्रेज हार्बर परगण्यात, घरी पक्षी पाळणारा आणखी एक जण वेगळ्या जातीच्या विषाणूने गेला. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण आहेत. त्यातून निघणारं शहाणपण मात्र साधं आहे. रानपाखरांची शिट पडणार नाही असं वरून छत हवं. पाणी-खाद्य उघड्यावर नको. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या. हात साबणाने धुवायचे. इथलं रोगनियंत्रण केंद्र तर कोंबड्यांचे मुके घेऊ नका असं दरवर्षी कळकळीने सांगतं, साल्मोनेला होतो. आजींना ही सूचना ऐकून हसू येईल. एकदम दोन-तीन पाखरं मेली तर लपवायचं नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचं, हे मात्र त्यांच्या मुलाला नीट समजावून सांग. लोक घाबरून पुरून टाकतात, आणि सरकारी भरपाई असते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, आधी मेलेल्यांची नाही. मानमोडीची लस आजींना माहीत असणारच.

वासाचं आणि उंदरांचं सांगते, कारण ते मी अलीकडून भोगलं आहे. वास कोंबडीला येत नाही, ओल्या शिटेला येतो. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम शिटते. पाच कोंबड्यांची म्हणजे अर्धा किलो किंवा थोडी जास्त. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा जाड घातला, वरून पावसाचं पाणी आलं नाही आणि वेळच्या वेळी ते खताच्या खड्ड्यात गेलं, तर कुंपणापलीकडे काही कळत नाही. भिजलं की अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरतात. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच प्रश्न असेल, म्हणून पत्र्याचं छत ही अट घालच. उंदीर येतात ते खाद्यासाठी. आमच्या शेजाऱ्याने खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला आणि रात्री भांडं आत घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते कमी झाले. जाळी अर्धा इंची वेल्डमेशची हवी. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण इथल्या रकूनला आणि तुमच्याकडच्या मुंगसाला, रानमांजराला बाहेर ठेवत नाही.

आपल्याकडच्या कायद्यात डोकावलं तर मोठ्या पोल्ट्रीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती हजारो पक्ष्यांच्या फार्मची. पाच कोंबड्यांच्या आजी त्यात कुठेच येत नाहीत. महापालिकेचं उपद्रवाचं कलम आहे, ध्वनीचा नियम आहे, आणि बाकी सगळं तुझ्यासारख्या चेअरमनच्या मर्जीवर. म्हणून तुझा ठराव तसा लहान नाही. आसपासच्या चार सोसायट्या तोच उतरवून घेतील.

मला विचारशील तर ठरावात एवढंच लिही: एका रो-हाउसमागे सहापर्यंत कोंबड्या, कोंबडा नाही. खुराडं शेजारच्या खिडकीपासून दहा फूट. तुमच्या रो-हाउसांत दहा भरत नसतील तर भरतील तेवढे, पण आकडा लिही. वरून छत, खाली तूस, खाद्य झाकलेलं. आवारात कापायचं नाही आणि अंडी-कोंबड्यांची विक्री करायची नाही, म्हणजे धंद्याची शंका मिटली. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नुसती नोंद. तक्रार आली तर दोन समिती सदस्यांनी जाऊन मोजायचं, पंधरा दिवस सुधारायला द्यायचे, नाही सुधारलं तर मग बंदी. म्हाताऱ्या झालेल्या, अंडी बंद केलेल्या कोंबड्याही सहात धरायच्या की नाही यावर वाद होईल. धरा. इथे लोक मायेने त्या ठेवतात, मग आठातल्या चार नुसत्या खातात आणि मालक आकडा वाढवून मागतो. आजी तसलं काही करणार नाहीत.

चौथ्या तक्रारीला उत्तर देऊ नकोस. ठरावात ‘शोभा’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नकोस, म्हणजे झालं.

सभा पुढच्या रविवारी आहे ना? त्याआधी एकदा टेप घेऊन सात नंबरच्या मागे जा, आजींसमोर मोज, आणि सभेला मुलाला नाही, त्यांना बोलाव. पत्र वाचून दाखवणार असशील तर सगळं दाखव, सोयीचं तेवढं नको. आणि मसुद्याचा दुसरा परिच्छेद काढून टाक. शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी कागदावर जागाच ठेवू नकोस.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी